हसताना तोंडावर हात कशाला?

भिशीच्या दिवशी, हळदीकुंकवाला किंवा बचत गटाच्या मीटिंगनंतर सगळ्याजणींचा एकत्र फोटो काढायचा म्हटलं की एक गंमत हमखास दिसते. गंमत कसली, खरं तर वाईटच वाटतं. मोबाइल समोर आला की चारपाचजणींचे हात आपोआप तोंडावर जातात. कुणी पदराचं टोक ओठाशी धरते, कुणी ओढणी, तर कुणी ओठ घट्ट मिटून उभी राहते. ‘अगं, हस ना जरा मोकळं’ म्हटलं की उत्तर ठरलेलं. ‘नको गं बाई, माझा तो पुढचा दात...’

तो पुढचा दात! कुणाच्या दाताचा टवका उडालेला, कुणाचा कोपरा तुटलेला, कुणाच्या दातांवर लहानपणापासूनचे तपकिरी डाग, कुणाच्या मधल्या दोन दातांत फट. वीस-वीस वर्षं बायका हे असंच घेऊन वावरतात. घरातल्या माणसाच्या चष्म्याची काच फुटली तर चार दिवसांत नवी येते. मिक्सरचं भांडं बिघडलं तर त्याच आठवड्यात दुरुस्तीला जातं. बाईचा दात मात्र ‘बघू पुढे कधीतरी’ या खात्यात जमा असतो. त्याचं कारण पैसा एवढंच नाही. पुढच्या दाताची दुरुस्ती म्हणजे नखरा, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय.

मला आज दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक, हा नखरा नाही, साधी दुरुस्ती आहे. आणि दोन, दुरुस्ती ही मोडलंय तेवढ्याचीच असावी. धडधाकट दात घासून ‘हिरॉइनसारखी स्माइल’ करून देणाऱ्यांपासून आपण सावध राहायला हवं.

आधी आपले पुढचे दात तुटतात कसे ते बघा. लहानपणी पडल्यामुळे तुटतात, हँडपंपाचा दांडा उसळून लागतो, स्कूटीवरून घसरल्यावर तुटतात. पण त्याशिवाय काही सवयी खास आपल्याच आहेत. साडी नेसताना सेफ्टी पिन दातात धरायची. केसांचा आकडा दातांनीच उघडायचा. गजऱ्याचा किंवा शिलाईचा दोरा दातानं तोडायचा. शिवणकाम करणाऱ्या बायकांच्या पुढच्या दातांना वर्षानुवर्षं दोरा तोडून तोडून चक्क खाच पडते. अडकित्ता हाताशी नसला की सुपारी दातानं फोडायची, दुधाची पिशवी दातानं फाडायची. दात हे खायला दिलेत, पक्कड म्हणून नव्हेत, हे आपण मुलांना सांगतो आणि स्वतः मात्र मशीनवर बसलो की पहिला दोरा दातातच घालतो. राखुंडीनं, वीटकरीच्या भुकटीनं किंवा कडक ब्रशनं आडवे घसाघसा दात घासणाऱ्यांच्या दातांना हिरडीजवळ खाचा पडतात, त्या वेगळ्याच.

आणि डागांचं म्हणाल, तर यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांच्या काही भागांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. पक्के दात हिरडीच्या आत तयार होत असतानाच त्या पाण्यामुळे ते पांढुरके-तपकिरी होतात. अशा मुलीला ‘दात नीट घासत नाही’ म्हणून बोल लावणं हा शुद्ध अन्याय आहे. तो डाग ब्रशनं जाणारा नाही, आणि त्यात तिची काही चूकही नाही.

आता मुद्द्याचं. अशा टवक्यांवर, फटींवर, डागांवर एक बऱ्यापैकी सोपा उपाय आहे, त्याला ‘बाँडिंग’ म्हणतात. दाताच्या रंगाचा लुकणासारखा मऊ पदार्थ असतो, त्याचं नाव कॉम्पोझिट. म्हणजे एक प्रकारचं रेझिन आणि त्यात काचेसारखी अगदी बारीक पूड. डॉक्टर आधी आपल्या दाताच्या रंगाशी त्याचा रंग जुळवून बघतात. मग दातावर एक आम्लाचं जेल काही सेकंद लावून धुतात. त्यानं दाताचं वरचं आवरण, म्हणजे इनॅमल, डोळ्यांना दिसणारही नाही इतकं खरखरीत होतं. त्यावर चिकटवणारं द्रावण, मग थोडं थोडं कॉम्पोझिट. प्रत्येक थरावर निळ्या दिव्याचा झोत धरला की तो थर काही सेकंदांत कडक होतो. शेवटी आकार देऊन, घासून-पुसून चकाकी आणतात. एका दाताला साधारण अर्धा ते एक तास लागतो. टवका छोटा असेल तर बहुतेक वेळा इंजेक्शनसुद्धा लागत नाही.

ही काही कालपरवाची टूम नाही बरं का. 1955 साली अमेरिकेत मायकेल ब्युओनोकोर नावाच्या दंतवैद्यानं दाखवून दिलं की दाताला फॉस्फोरिक आम्ल लावलं तर त्यावर रेझिन घट्ट बसतं. कारखान्यात धातूवर रंग नीट चिकटावा म्हणून आधी हे आम्ल वापरायचे, त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली. भिंतीला रंग देण्याआधी आपण पॉलिश पेपर मारतो ना, तसंच! पुढे राफेल बोवेन यांनी यासाठीचं नवं रेझिन शोधून काढलं, त्याचं पेटंट 1962 सालचं. म्हणजे विद्या साठ वर्षांहून जुनी आहे. आपल्या गावापर्यंतही ती आता आलीय, पण आपल्या मनापर्यंत मात्र अजून पोचायचीय.

माझ्या भाचीचीच गोष्ट घ्या. दहावीत असताना कबड्डी खेळताना तिच्या समोरच्या दाताचा कोपरा उडाला. घरात एकच चर्चा. आजी म्हणाली, ‘मुलीच्या जातीनं दात काढून हसूच नये, म्हणजे दिसायचा प्रश्नच नाही.’ वहिनी म्हणाली, ‘आता कशाला खर्च? लग्नाच्या वेळी करू, तेव्हा लागेलच.’ पोरगी बिचारी वर्गात उत्तर येत असूनही हात वर करेना. शेवटी एका सुट्टीत मी तिला आमच्या गावातल्या डॉक्टर मॅडमकडे घेऊन गेले. पाऊण तास, दीड हजार रुपये. बाहेर आली आणि आरशात बघत म्हणाली, ‘आत्या, एवढंच होतं?’ मला त्या ‘एवढंच’चं फार वाईट वाटलं. एवढ्याशा गोष्टीसाठी तिनं दीड वर्ष तोंड मिटून काढलं होतं.

आपल्याकडे बाईच्या दाताला किंमत येते ती दोनच दिवस. बघायला येतात तेव्हा आणि लग्नाचा अल्बम निघतो तेव्हा. तोपर्यंत ‘थांब, लग्न ठरू दे’ आणि त्यानंतर ‘आता कुणाला दाखवायचंय?’ मधल्या सगळ्या आयुष्याचं काय? माझ्या शेजारच्या काकू बावन्न वर्षांच्या आहेत. अंगणवाडीत मुलांना गाणी शिकवतात. त्यांनी पुढचा दात नीट करून घेतला तर त्यांचे मिस्टर म्हणाले, ‘या वयात काय सिनेमात जायचंय?’ काकूंनी छान उत्तर दिलं. ‘सिनेमात नाही, पोरांना स शिकवायचा असतो रोज, हवा जाते मधून!’ दात फक्त दिसण्यासाठी नसतो हो. बोलायला लागतो, चावायला लागतो. तुटलेल्या धारेनं जीभ आणि ओठ सारखे कापतात. आणि समजा, निव्वळ दिसण्यासाठीच करून घेतला, तरी बिघडलं कुठे? पुरुष केसांना कलप लावतात, तेव्हा त्यांना कुणी विचारतं का, ‘कुठल्या सिनेमात चाललात?’

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर हे लिहिणं अर्धवट राहील.

हल्ली जिल्ह्याच्या ठिकाणी, तालुक्यालाही ‘स्माइल मेकओव्हर’चे बोर्ड झळकू लागलेत. लग्नसराईत तर ‘ब्रायडल पॅकेज’सुद्धा! आमच्या ओळखीतल्या एका मुलीचा एकच दात तुटला होता. तिला एका ठिकाणी सांगितलं, ‘एक कशाला, पुढच्या सहाही दातांना कॅप बसवू, एकसारखे पांढरेशुभ्र दिसतील.’ लग्न तीन आठवड्यांवर, आईवडील घाबरलेले, कर्ज काढायला निघाले होते. कुणीतरी दुसऱ्या डॉक्टरांना विचारायला सुचवलं, म्हणून पाच चांगले दात वाचले. एका दाताला बाँडिंग झालं आणि लग्नही थाटात झालं.

इथे फरक नीट समजून घ्या. बाँडिंगमध्ये दात जवळजवळ घासावा लागत नाही, वरून भर घालतात. व्हीनिअर म्हणजे दाताच्या दर्शनी भागावर बसवलेली पातळ पापडी; ती बसवण्यासाठी बहुतेक वेळा समोरचं इनॅमल थोडं घासावं लागतं. आणि कॅप किंवा क्राउन बसवायचा तर दात चारी बाजूंनी घासून लहान करतात. इनॅमल हे केसांसारखं किंवा नखांसारखं पुन्हा वाढत नाही. गेलं ते गेलं. त्यातून कॅपचंही आयुष्य ठरलेलं. पंचविसाव्या वर्षी बसवली तर ती जन्मभर पुरणार नाही, पुढे बदलावी लागणारच. कॅप वाईट असते असं मुळीच नाही. दात खूप तुटला असेल, रूट कॅनॉल झालं असेल तर तीच योग्य. पण नुसत्या टवक्यासाठी कॅप म्हणजे परकराला भोक पडलं म्हणून अख्खी साडी फाडून नवी शिवण्यासारखं झालं.

बाँडिंगचे तोटेही सांगायला हवेत. ते कायमचं नाही. साधारण पाच-सात वर्षं, नीट जपलं तर त्याहून जास्त टिकतं, मग डागडुजी करावी लागते. चहा, हळद, पान, तंबाखू यांचे डाग त्याला खऱ्या दातापेक्षा लवकर पडतात. केल्यानंतर पहिले दोन दिवस तरी चहा-हळदीला आवर घाला असं डॉक्टर सांगतात. (आपल्या स्वयंपाकात हे अवघड आहे, पण दोन दिवस दहीभातावर निघतात!) दात पांढरे करण्याची जी औषधं असतात त्यांनी बाँडिंगचा रंग बदलत नाही. म्हणून दात उजळवून घ्यायचे असतील तर ते आधी करायचं, बाँडिंग नंतर. आणि मुख्य म्हणजे सुपारी, ऊस, हाडूक त्या दातानं फोडायचं नाही. पिना आणि दोरे तर नाहीच नाही. मशीनवर छोटी कात्री दोरीनं बांधून ठेवा, झालं! मशेरी लावणाऱ्यांनी तर ती सोडायलाच हवी. ती बाँडिंग काळवंडते म्हणून नव्हे, तर मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच, आणि त्यानं तोंडाचा कॅन्सर होतो म्हणून.

प्रत्येक तुटलेल्या दाताला बाँडिंग चालतंच असंही नाही. तुटलेल्या जागी मध्ये लाल-गुलाबी ठिपका दिसत असेल, तर आतली नस उघडी पडलीय. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मार लागलेला दात काही महिन्यांनी काळपट पडला, तर आतली नस मेल्याची शक्यता असते. त्यावर वरून नुसतं रंगकाम करून उपयोग नाही. आधी एक्स-रे, मग गरज असेल तर रूट कॅनॉल. हिरड्यांतून रक्त येत असेल तर आधी हिरड्या बऱ्या करून घ्या. ओल असलेल्या भिंतीवर रंग टिकतो का कधी?

घरात शाळकरी मुलं असतील तर हे एवढं लक्षात ठेवाच. खेळताना दाताचा तुकडा पडला तर तो शोधा आणि दुधात किंवा पाण्यात घालून सोबत न्या. पुष्कळदा तोच तुकडा परत चिकटवता येतो. पक्का दात मुळासकट निघाला तर मुळाला हात लावायचा नाही, पांढऱ्या भागाला धरायचं, घासायचं पुसायचं नाही, थंड दुधाच्या कपात टाकायचा आणि तासाभराच्या आत डेंटिस्टकडे पोचायचं. जितकं लवकर, तितकी तो पुन्हा रुजण्याची शक्यता जास्त. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत.

डॉक्टरांकडे गेल्यावर आपण गप्प बसतो, हीसुद्धा एक जुनी सवय. भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी दहा मिनिटं बोलतो, आणि इथे स्वतःच्या तोंडाचा प्रश्न असताना ‘तुम्ही म्हणाल तसं डॉक्टर’! चार प्रश्न विचारायचेच. माझा चांगला दात घासावा लागणार का, आणि किती? यापेक्षा कमी घासून होणारा उपाय आहे का? हे किती वर्षं टिकेल, आणि मोडलं तर फक्त तेवढंच नीट करता येईल का? एकूण खर्च किती? चांगले डॉक्टर या प्रश्नांना कंटाळत नाहीत. जे कंटाळतात, त्यांच्या खुर्चीवरून उठायला लाजू नका. पदवीही बघा. बीडीएस किंवा एमडीएस आणि महाराष्ट्राच्या दंत परिषदेकडे नोंदणी. बाजारच्या दिवशी रस्त्याकडेला बसून ‘पाच मिनिटांत पक्का दात’ चिकटवून देणाऱ्यांच्या नादी लागू नका. शेजारच्या चांगल्या दातांना चिकटवलेला तो प्लॅस्टिकचा तुकडा हिरडी सडवतो आणि ते शेजारीही घेऊन जातो. पैशांची अडचण असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला सरकारी दंत महाविद्यालयं आहेत. तिथे रांग असते, पण खर्च खासगीपेक्षा बराच कमी येतो. दवाखान्याच्या कामाला शहरात जाणं होतंच, तेव्हा एक फेरी स्वतःच्या दातासाठी काढायला काय हरकत आहे?

आणखी एक गोष्ट आहे. लिहू की नको असा विचार बरेच दिवस केला, पण लिहायलाच हवी. सगळेच दात सेफ्टी पिनेनं तुटत नाहीत. ‘बाथरूममध्ये घसरले’, ‘दारावर आपटले’ असं सांगणाऱ्या सगळ्याजणी खरंच घसरलेल्या नसतात. आमच्या डॉक्टर मॅडम एकदा म्हणाल्या होत्या, ‘ओठ फुटलेला, दात तुटलेला, आणि उत्तर द्यायच्या आधी बाई नवऱ्याकडे बघते. मग मला वेगळं काही विचारावं लागत नाही.’ मैत्रिणींनो, दात तोडणं ही कायद्यानं ‘किरकोळ मारहाण’ नाही. हाड किंवा दात मोडणं, निखळणं ही ‘गंभीर दुखापत’ धरली जाते. जुन्या भारतीय दंड संहितेत ती कलम 320 मध्ये होती, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 116 मध्ये आहे. जाणूनबुजून अशी दुखापत करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय घरगुती हिंसाचारापासून संरक्षण देणारा 2005 चा कायदा आहेच. म्हणून दात नीट करून घेण्याआधी डॉक्टरांना खरं कारण सांगा, कागदावर लिहून घ्या, फोटो काढून ठेवा. 181 हा महिलांसाठीचा मदतीचा फोन नंबर पाठ करून ठेवा, स्वतःसाठी नाही तर शेजारणीसाठी. बाँडिंगनं दात सांधतो, पण ज्या हातानं तो तुटला तो हात थांबत नाही. त्याला थांबवायला वेगळा डॉक्टर लागतो.

आणि आपणही एकमेकींसाठी थोडं करूया. कुणी दात नीट करून आली तर ‘काय बाई, तोरा वाढला’ म्हणू नका. मुलगी बघायला गेलात तर तिच्या दातांवरचे डाग मोजू नका. सासूबाईंनी सुनेला आणि सुनेनं सासूबाईंना ‘चला, दात दाखवून येऊ’ म्हणावं. ‘चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण आपण म्हातारपणासाठी ठेवलीय. पण दात असतानाच ते लपवून जगायचं, याला काय म्हणायचं?

या महिन्याचा हिशेब लिहाल तेव्हा दूध, किराणा, ट्यूशन, गॅस यांच्या खाली एक ओळ स्वतःच्या दातासाठी मोकळी ठेवा. लगेच रक्कम जमेलच असं नाही. दोन महिने, सहा महिने लागतील. पण ओळ असली की एक दिवस रक्कमही येते. आणि कुणी विचारलंच, ‘हे कशासाठी?’ तर सांगा, ‘दुरुस्ती.’ त्यापुढे एक अक्षर सांगायची गरज नाही.